धडा १४ : घरचा सामना, घरापासून दोन हजार किलोमीटरवर

पातळी ४ | वाचन, शब्द, आकडे | दोन तासिका

वाचण्याआधी

हा धडा बास्केटबॉलचा आहे, पण तुम्हाला बास्केटबॉल आवडत नसेल तरी चालेल. आधी या तीन प्रश्नांवर शेजारच्याशी दोन मिनिटं मराठीत बोला. शब्द अडला तर इंग्रजी शब्द वापरा आणि पुढे जा, थांबू नका.

१. कोणी विचारलं, "तुमचं घर कुठे आहे?" तर तुम्ही काय उत्तर देता? आणि आजी-आजोबांनी विचारलं तर?
२. एखादा संघ आपल्या गावात खेळतो तेव्हा त्याला कोणता फायदा होतो?
३. तुमचा संघ हरत असेल आणि दहाच सेकंद उरले असतील, तर तुम्ही बघत राहता की डोळे मिटता?

आधी हे शब्द बघू

यजमान : ज्याच्या घरी पाहुणे येतात तो. खेळात, ज्याच्या मैदानावर सामना होतो तो संघ.
साखळी सामने : गटातला प्रत्येक संघ बाकीच्या प्रत्येक संघाशी खेळतो ते सामने.
बाद फेरी : हरलात की स्पर्धेतून बाहेर, अशी फेरी.
गतविजेता : मागच्या वर्षी जिंकलेला.
प्रशिक्षक : संघाला शिकवणारा. बोलताना आपण 'कोच' म्हणतो, पेपरात 'प्रशिक्षक' छापतात.
निर्बंध : बंधनं. एका देशाने किंवा अनेक देशांनी मिळून दुसऱ्या देशावर घातलेली.
पाहुणचार : घरी आलेल्याचं चहापाणी, जेवण, काळजी, सगळं.

खेळाची थोडी माहितीही लागेल. बास्केटबॉलमध्ये चेंडू साध्या अंतरावरून बास्केटात टाकला तर २ गुण. जमिनीवर आखलेल्या मोठ्या कमानीच्या बाहेरून टाकला तर ३ गुण. आपल्या गोष्टीच्या काळात युरोपात ही कमान बास्केटपासून ६.२५ मीटरवर होती, आता ती ६.७५ मीटरवर आहे. सामना ४० मिनिटांचा असतो. एवढं पुरे.

भाग १ : एक संघ होता

१९९१ सालचा जून महिना. इटलीत रोम शहरात युरोपातल्या देशांची बास्केटबॉल स्पर्धा चालू होती. सगळ्यांत बलवान संघ होता युगोस्लाव्हियाचा. आजच्या नकाशावर हा देश तुम्हाला सापडणार नाही. सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, बोस्निया आणि हर्झेगोव्हिना, मॅसेडोनिया आणि माँटेनेग्रो ही सहा प्रजासत्ताकं मिळून तेव्हा तो एक देश होता. त्या संघात सर्ब होते, क्रोएट होते, स्लोव्हेनियन होते. एकत्र सराव, एकत्र जेवण, एकच जर्सी.

स्पर्धा चालू असतानाच, २५ जूनला, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी जाहीर केलं की आम्ही आता स्वतंत्र देश आहोत. उपांत्य सामन्याच्या आधी स्लोव्हेनियाचा खेळाडू युरे झ्दोव्त्स याला त्याच्या सरकारचा निरोप आला : खेळू नकोस. तो थांबला. बाकीचे खेळले. २९ जूनला युगोस्लाव्हियाने अंतिम सामना जिंकला. त्या जुन्या, एकत्र संघाचं हे शेवटचं सुवर्णपदक. खेळाडू घरी परतले तेव्हा त्यांच्या घरांच्या मध्ये सीमा उभ्या राहत होत्या, आणि लवकरच लढाई सुरू झाली.

त्या विजेत्या संघात दोन साशा होते. साशा जॉर्जेविच आणि साशा दानिलोविच. दोघंही बेलग्रेडच्या 'पार्टिझान' या क्लबकडून खेळायचे. ही नावं लक्षात ठेवा.

(नावांबद्दल एक गंमत. सर्बियन, क्रोएशियन आडनावांच्या शेवटी '-इच' खूप दिसतं. त्याचा मूळ अर्थ 'अमक्याचा मुलगा' असा काहीसा. जॉर्जेविच म्हणजे 'जॉर्जे'चा. आपल्याकडे '-कर' लागतं ते बहुधा गावाच्या नावाला. त्यांचं आडनाव 'कोणाचा?' सांगतं, आपलं 'कुठला?' सांगतं. आजच्या धड्यात दोन्ही प्रश्न आहेत.)

थांबा आणि सांगा : झ्दोव्त्स उपांत्य सामना का खेळला नाही? एका वाक्यात सांगा. 'कारण' हा शब्द वापरा.

भाग २ : घरी खेळायचं नाही

युरोपातल्या क्लबांची एक मोठी स्पर्धा १९५८ पासून भरते. प्रत्येक देशातले सर्वांत चांगले क्लब तीत उतरतात. आज तिला 'युरोलीग' म्हणतात. १९८९, १९९० आणि १९९१, सलग तीन वर्षं ती जिंकली होती युगोस्लाव्हियातल्या स्प्लिट शहराच्या क्लबने. स्प्लिट हे शहर क्रोएशियात आहे.

१९९१–९२ च्या हंगामात या स्पर्धेत तीन क्लब असे होते, जे काही महिन्यांपूर्वीपर्यंत एकाच देशातले मानले जात होते : बेलग्रेडचा पार्टिझान, झाग्रेबचा सिबोना आणि गतविजेता स्प्लिट. युद्धामुळे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने, म्हणजे फिबाने, ठरवलं की या तिघांनी आपले घरचे सामने देशाबाहेर खेळायचे. पाहुण्या संघांना तिथे पाठवणं सुरक्षित नव्हतं.

मग घर कुठे शोधायचं? तिघांनाही घर मिळालं स्पेनमध्ये. स्प्लिटचा संघ उत्तरेला समुद्रकाठच्या आ कोरुन्या शहरात गेला. सिबोना दक्षिणेला प्वेर्तो रेआलला. आणि पार्टिझानला मिळालं माद्रिदच्या दक्षिणेचं एक कामकरी वस्तीचं शहर, फुएनलाब्राडा. बेलग्रेडपासून सरळ रेषेत सुमारे दोन हजार किलोमीटर.

आता जरा विचार करा. तुमच्या शाळेचा वार्षिकोत्सव आहे, पण तो दुसऱ्याच देशातल्या शाळेच्या हॉलमध्ये भरवायचा. प्रेक्षकही तिथलेच. त्यांना तुमची भाषा येत नाही, तुमची गाणी माहीत नाहीत. तरी कागदावर लिहायचं : 'स्थळ : आपलं घर'. पार्टिझानचं तसंच झालं.

संघ तरुण होता. बहुतेक जण विशीतले. जॉर्जेविच २४ वर्षांचा, दानिलोविच २१ वर्षांचा (हंगाम संपेपर्यंत २२ चा झाला), उंच सेंटर झेल्को रेब्राचा तर १९ वर्षांचा. याच संघात क्रोएशियातल्या रियेका शहराचा इवो नाकिचही होता. तिकडे दोन देशांची लढाई चालली होती, इकडे तो बेलग्रेडच्या जर्सीत खेळत होता.

आणि प्रशिक्षक? झेल्को ओब्रादोविच. वय ३१. १९९१ च्या उन्हाळ्यापर्यंत तो याच क्लबचा खेळाडू होता. कालचा सोबती आज कोच झाला. प्रशिक्षक म्हणून त्याचा हा पहिलाच हंगाम. सल्ला द्यायला मात्र अलेक्झांडर निकोलिच नावाचे अनुभवी, म्हातारे गुरुजी होते. सगळे त्यांना 'प्रोफेसर' म्हणत.

थांबा आणि सांगा : नकाशा उघडा. बेलग्रेड, झाग्रेब, स्प्लिट, फुएनलाब्राडा शोधा. पार्टिझानला घरच्या सामन्याला जायला किती देश ओलांडावे लागत असतील?

भाग ३ : फुएनलाब्राडाचा पाहुणचार

फुएनलाब्राडात तेव्हा नवंकोरं क्रीडागृह उभं राहिलं होतं. त्याला फेर्नांदो मार्तिनचं नाव दिलेलं आहे. मार्तिन हा स्पेनचा लाडका बास्केटबॉलपटू, अमेरिकेतल्या एनबीएमध्ये खेळणारा पहिला स्पॅनिश खेळाडू. १९८९ च्या डिसेंबरमध्ये मोटार अपघातात तो गेला. शहराकडे हॉल होता, बास्केटबॉलचं वेड होतं, पण युरोपात खेळणारा स्वतःचा संघ नव्हता. आणि पार्टिझानकडे संघ होता, हॉल नव्हता. दोघांची गरज जुळली.

पण गरज जुळली म्हणून माया जुळतेच असं नाही. ती इथे जुळली. लोक हॉलमध्ये येऊ लागले आणि पार्टिझानच्या नावाने ओरडू लागले. गटात स्पेनचेही दोन संघ होते : शेजारच्या माद्रिदचा एस्तुदियान्तेस आणि बार्सिलोनाजवळच्या बादालोना शहराचा जोव्हेन्तुत. ते खेळायला आले तेव्हाही फुएनलाब्राडाचे लोक पार्टिझानच्याच बाजूने उभे राहिले. स्पेनमध्ये, स्पॅनिश संघाविरुद्ध, स्पॅनिश लोक बेलग्रेडच्या पोरांसाठी गळा फाडत होते! लोक गमतीने संघाला 'पार्टिझान दे फुएनलाब्राडा' म्हणू लागले. म्हणजे आपल्या भाषेत, 'पार्टिझान फुएनलाब्राडाकर'.

गटात आठ संघ, प्रत्येकाचे १४ साखळी सामने. पहिले चार पुढे जाणार. पार्टिझान चौथा आला. कसाबसा, पण आला.

बाद फेरीत समोर आला इटलीचा बोलोन्या, दुसऱ्या गटातला पहिला. तीन सामन्यांपैकी दोन जिंकायचे होते. यातला एक सामना बेलग्रेडमध्ये खेळायला परवानगी मिळाली. सगळ्या हंगामात पार्टिझान आपल्या खऱ्या घरी या स्पर्धेचा हा एकच सामना खेळला. तो त्यांनी जिंकला. पुढचे दोन्ही सामने बोलोन्यात. एक हरले, एक जिंकले. पुढची गाडी इस्तंबूलची!

थांबा आणि सांगा : 'गरज जुळली म्हणून माया जुळतेच असं नाही.' या वाक्यातला 'च' काढून वाचा. अर्थात काय फरक पडतो?

भाग ४ : इस्तंबूल, शेवटचे दहा सेकंद

शेवटचे चार संघ १९९२ च्या एप्रिलमध्ये तुर्कस्तानात इस्तंबूलला जमले. पार्टिझान, इटलीचा मिलान, आणि स्पेनचे दोघं : जोव्हेन्तुत आणि एस्तुदियान्तेस. उपांत्य फेरीत पार्टिझानने मिलानला ८२–७५ असं हरवलं. दुसऱ्या सामन्यात जोव्हेन्तुतने एस्तुदियान्तेसला ९१–६९ असं लोळवलं.

त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बोस्नियात युद्ध पेटलं होतं आणि सारायेव्हो शहराला वेढा पडला होता. दानिलोविचचा जन्म सारायेव्होचा. तेव्हा या मुलांच्या मनात काय चाललं असेल, ते आपण फक्त कल्पनेनेच समजू शकतो. घड्याळ मात्र कोणासाठी थांबत नाही. १६ एप्रिलला अंतिम सामना होता.

सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. दानिलोविच आणि जॉर्जेविच जवळजवळ दोघांच्या बळावर संघ ओढत होते. मग शेवट जवळ आला. जोव्हेन्तुतच्या तोमास जोफ्रेसाने बास्केट केलं. ७०–६८. जोव्हेन्तुत दोन गुणांनी पुढे. उरले दहाएक सेकंद.

आता पार्टिझानपुढे दोन रस्ते होते. जवळ जाऊन दोन गुण घ्यायचे, बरोबरी करायची आणि जादा वेळेत बघून घ्यायचं. किंवा लांबून तीन गुणांचा फटका मारायचा : लागला तर चषक, चुकला तर जवळजवळ सगळं संपलं.

चेंडू जॉर्जेविचकडे आला. तो आपल्या टोकापासून निघाला, धावत मैदान ओलांडलं, आणि कमानीच्या बाहेरूनच, धावता धावता उडी मारून चेंडू सोडला. हॉलमधल्या सगळ्यांचा जीव टांगणीला.

आत!

७१–७०. जोव्हेन्तुतकडे आता दोन-चारच सेकंद होते. त्यांना काही करता आलं नाही. पार्टिझान बेलग्रेड युरोपचा विजेता झाला. दानिलोविचचे २५ गुण, जॉर्जेविचचे २३. संघाच्या ७१ पैकी ४८ गुण दोन साशांचे. शेवटच्या चार संघांतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून दानिलोविचची निवड झाली. कोच ओब्रादोविच तेव्हा ३२ वर्षांचा होता.

थांबा आणि सांगा : तुम्ही जॉर्जेविचच्या जागी असता तर दोन गुणांचा रस्ता धरला असता की तीनचा? 'मी असतो तर…' किंवा 'मी असते तर…' अशी सुरुवात करा.

भाग ५ : नंतर

गोष्ट इथे संपली असती तर ती परीकथा झाली असती. पण ती खरी आहे, म्हणून पुढे वाचा.

सहाच आठवड्यांनी, ३० मे १९९२ ला, संयुक्त राष्ट्रांनी बोस्नियातल्या युद्धामुळे सर्बिया आणि माँटेनेग्रो यांच्या उरलेल्या युगोस्लाव्हियावर निर्बंध घातले. व्यापार, विमानं, आणि त्यात खेळही. त्या देशाचा फुटबॉल संघ युरोपच्या स्पर्धेतून ऐनवेळी बाहेर पडला. त्याच्या जागी डेन्मार्कला बोलावलं, आणि डेन्मार्कने ती स्पर्धा जिंकली! पार्टिझानलाही पुढच्या हंगामात चषक राखण्यासाठी उतरता आलं नाही. स्पेनमध्येसुद्धा नाही. या वेळी नुसतं घर नाही, दारच बंद झालं.

संघ पांगला. जॉर्जेविच मिलानला गेला, दानिलोविच बोलोन्याला. म्हणजे ज्या दोन संघांना त्यांनी वाटेत हरवलं होतं, तिथेच. बोलोन्या आणि मिलान यांना हे दोघं किती भारी आहेत ते वेगळं सांगायची गरजच नव्हती.

आणि बिचारा जोव्हेन्तुत? हातातोंडाशी आलेला घास गेला. त्यांनी काय केलं? पुढच्या वर्षी ओब्रादोविचलाच कोच म्हणून बोलावलं. १९९४ मध्ये तेल अवीव्हला अंतिम सामन्यात जोव्हेन्तुतने ग्रीसच्या ऑलिंपियाकोसला ५९–५७ असं हरवलं. शेवटच्या क्षणांत विजय मिळवून देणारं बास्केट कोणतं होतं, सांगा बघू? कॉर्नी थॉम्पसनचा तीन गुणांचा फटका! ज्या प्रकारे चषक गेला होता त्याच प्रकारे परत आला, आणि बाकावर कोच तोच. ओब्रादोविचने पुढे वेगवेगळ्या क्लबांबरोबर हा चषक एकूण नऊ वेळा जिंकला. दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाला ते जमलेलं नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. त्या वर्षांत युगोस्लाव्हियातल्या लाखो लोकांची खरीखुरी घरं गेली, आणि त्यांच्यासाठी कुठलंही क्रीडागृह टाळ्या वाजवत उभं नव्हतं. एका बास्केटबॉल संघाचं दुःख त्यापुढे लहान आहे. तरीही फुएनलाब्राडाची गोष्ट सांगावीशी वाटते. तिथल्या लोकांना पार्टिझानशी काहीच देणं-घेणं नव्हतं, ना भाषा एक, ना देश एक. घर नसलेल्यांना 'या, बसा' म्हणायला त्यांना एवढं कारण पुरलं.

शब्दांची गंमत : घरी, घरचा, घरातला, घरगुती

इंग्रजीत एकाच शब्दात भागतं, मराठीत 'घर'ची चार रूपं चार कामं करतात. नीट बघा.

घरी : कुठे? "मी घरी आहे." "पार्टिझान त्या वर्षी एकदाच घरी खेळला." 'घरात' आणि 'घरी' यांत फरक आहे. बाबा अंगणात झोपाळ्यावर बसले असतील तर ते 'घरी' आहेत, पण 'घरात' नाहीत.

घरचा, घरची, घरचं : आपल्या घराशी नातं असलेला. "घरचं जेवण", "घरची माणसं", "घरचा सामना". घरचं जेवण डब्यात भरून ऑफिसात नेलं तरी ते घरचंच राहतं. म्हणून घरचा सामना फुएनलाब्राडात होऊ शकतो!

घरातला, घरातली, घरातलं : घराच्या आत असलेला. "घरातला दिवा लाव."

घरगुती : घरी करतात तसा, साधा. "घरगुती उपाय", "घरगुती कार्यक्रम".

आता रिकाम्या जागा भरा :
१. दिवाळीला आमच्या ______ वीस पाहुणे होते.
२. सर्दीवर आजीने ______ औषध सांगितलं.
३. होस्टेलवर असलं की ______ जेवणाची आठवण येते.
४. ______ सगळे पंखे बंद कर आणि मगच निघ.

क्रीडापानाची भाषा

मराठी वर्तमानपत्राचं खेळाचं पान उघडलंत तर 'हरवलं' हा साधा शब्द फार कमी दिसेल. तिथे रोज नवीन शब्द लागतो. पण प्रत्येक शब्दाची सोबत वेगळी असते, आणि गोंधळ तिथेच होतो. कोणाला 'ला' लागतो, कोणाला 'वर', ते बघा :

पार्टिझानने जोव्हेन्तुतला हरवलं. (साधं, बोलण्यातलं)
पार्टिझानने जोव्हेन्तुतला नमवलं. (पेपरातलं)
पार्टिझानने जोव्हेन्तुतवर मात केली. ('वर' लक्षात ठेवा)
पार्टिझानने जोव्हेन्तुतला धूळ चारली. (जोरदार. कुस्तीच्या आखाड्यातून आलेलं)
अंतिम सामन्यात पार्टिझानने बाजी मारली. (इथे हरलेल्याचं नाव लागतच नाही)

विजयाचेही प्रकार असतात. थोडक्या फरकाने मिळाला तर 'निसटता विजय'. मोठ्या फरकाने मिळाला तर 'दणदणीत विजय'. हरणारा चांगला खेळला असेल तर त्याने 'कडवी झुंज दिली'. स्पर्धेतून लवकर बाहेर पडला तर त्याला 'गाशा गुंडाळावा लागला'. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड. ते गुंडाळलं म्हणजे मुक्काम संपला, निघायची वेळ झाली.

आणि दोन वाक्प्रचार, जे रोजच्या बोलण्यातही कामाला येतात :
जीव टांगणीला लागणे : पुढे काय होणार या काळजीत अडकून पडणे. "व्हिसाचा निकाल येईपर्यंत आईचा जीव टांगणीला लागला होता."
हातातोंडाशी आलेला घास जाणे : अगदी मिळणार असं वाटत असताना वस्तू हातची जाणे. "तयार झालेल्या पिकावर गारा पडल्या आणि शेतकऱ्याचा हातातोंडाशी आलेला घास गेला."

करून बघा : खालच्या निकालांसाठी 'निसटता' की 'दणदणीत'? पूर्ण वाक्य लिहा.
१. जोव्हेन्तुत ९१, एस्तुदियान्तेस ६९
२. पार्टिझान ७१, जोव्हेन्तुत ७०
३. जोव्हेन्तुत ५९, ऑलिंपियाकोस ५७

आकडे मोठ्याने वाचा

परदेशात वाढलेल्या मुलांचं मराठी कितीही छान असलं तरी आकडा आला की गाडी इंग्रजीवर घसरते. भारतात मराठी शाळेत आम्ही हे आकडे पाढ्यांबरोबर ओरडून ओरडून पाठ केले, तुम्हाला ती संधी कमी मिळते. म्हणून बास्केटबॉल बरा. त्यात गुण नेहमी पन्नास ते शंभरच्या आसपास, म्हणजे नेमके अडणारे आकडे!

५७ सत्तावन्न | ५९ एकोणसाठ
६८ अडुसष्ट | ६९ एकोणसत्तर
७० सत्तर | ७१ एकाहत्तर
७५ पंच्याहत्तर | ८२ ब्याऐंशी
९१ एक्याण्णव | ९२ ब्याण्णव

युक्ती : 'एकोण' म्हणजे 'एक कमी'. साठाला एक कमी, एकोणसाठ. सत्तरला एक कमी, एकोणसत्तर. मग ७९? आणि ८९? बरोबर, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद. फक्त ९९ ला ही युक्ती चालत नाही. तो 'नव्व्याण्णव'.

जोडीने खेळा : एकाने या धड्यातला एक निकाल आकड्यांत लिहायचा, दुसऱ्याने तो बातमी सांगतात तसा वाचायचा. "पार्टिझानने जोव्हेन्तुतवर एकाहत्तर–सत्तर अशी मात केली." मग तुमच्या आवडत्या संघाचा कालचा निकाल घ्या.

समजलं का?

चूक की बरोबर, ते सांगा. चूक असेल तर वाक्य दुरुस्त करून लिहा.
१. १९९१–९२ मध्ये पार्टिझानने स्पर्धेतले सगळे घरचे सामने बेलग्रेडमध्ये खेळले.
२. ओब्रादोविच तेव्हा पहिल्यांदाच प्रशिक्षक झाला होता.
३. जॉर्जेविचच्या शेवटच्या फटक्याला दोन गुण मिळाले.
४. पुढच्या हंगामात पार्टिझानने चषक राखला.

दोन-तीन वाक्यांत उत्तर द्या.
५. फुएनलाब्राडाकडे काय नव्हतं आणि पार्टिझानकडे काय नव्हतं?
६. जोव्हेन्तुतने ओब्रादोविचलाच का बोलावलं असेल? तुमचं मत लिहा.
७. भाग ५ च्या शेवटी लेखकाने पार्टिझानच्या दुःखाला 'लहान' का म्हटलं आहे? तुम्हाला ते पटतं का?

घरचा अभ्यास (बघा, इथेही 'घरचा'!)

एक काम निवडा.

अ) तुम्ही फुएनलाब्राडातले दहा वर्षांचे मूल आहात. बेलग्रेडचा संघ पहिल्यांदा तुमच्या गावात आला. त्या रात्रीची डायरी लिहा, दहा ते बारा वाक्यं. बोलीभाषेत लिहिलंत तरी चालेल.

आ) घरातल्या मोठ्या माणसाला मराठीत विचारा : "तुम्ही या देशात नवीन आलात, तेव्हा सगळ्यांत आधी 'या, बसा' कोण म्हणालं?" उत्तर ऐका, मध्ये इंग्रजीत शिरू नका, आणि पुढच्या तासाला वर्गात दोन मिनिटांत सांगा. शेजारी असेल, दुकानदार असेल, ऑफिसातलं कोणी असेल. नाव सांगायला नको, काय केलं ते सांगा.

उत्तरं

घर : १. घरी २. घरगुती ३. घरच्या ४. घरातले
विजय : १. दणदणीत २. निसटता ३. निसटता
चूक की बरोबर : १. चूक (एकच सामना बेलग्रेडमध्ये, बाकीचे फुएनलाब्राडात) २. बरोबर ३. चूक (तीन गुण) ४. चूक (निर्बंधांमुळे संघाला खेळताच आलं नाही)

प्रश्न ५ ते ७ ची उत्तरं तासाला एकत्र बघू. सहाव्या आणि सातव्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही, तेव्हा वाद घालायच्या तयारीने या. अट एकच : वाद मराठीत घालायचा.